दिवसात जमेना, वर्षात बसवलं: आरी वर्क करणाऱ्या ताईचं नर्सिंग

माझी मावसबहीण नाशिकच्या सिडकोत राहते, घरून ब्लाउजवर आरी वर्क करून देते आणि गेल्या सव्वा वर्षापासून मुंबई नाक्याच्या बाजूच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मी तिला ताईच म्हणते, इथेही तेच म्हणणार. नाव देत नाहीये कारण तिच्या गिऱ्हाइकांपैकी अर्ध्या जणी हे वाचतील. तिने स्वतः वाचून "लिही, पण आकडे खरे लिही" म्हटलंय, म्हणून आकडे तिच्याच वहीतले आहेत. मी घरगुती धंदे करणाऱ्या चार-पाच जणींचे हिशोब बघते, ताईचा २०१८ पासून बघते. हे सगळं लिहायला बसायचं कारण म्हणजे गेल्या वर्षात तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला, एक मेंदी काढणारी, एक केक करणारी आणि एक कंदील-तोरणं बनवणारी, की मी आता नर्सिंगला गेले तर माझं हातचं काम सुटेल का. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

आधी धंदा कसा होता ते सांगते. आरी म्हणजे टोकाला बारीक हूक असलेली सुई. कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं, उजव्या हाताने वरून टोचायचं आणि डाव्या हातात कापडाखाली धरलेला दोरा हुकात पकडून वर ओढायचा, की साखळी टाका पडत जातो. मग त्यावर झरी, कटदाणा, जरदोसी, मोती काय लावायचं ते. नाशिकला या कामाला तोटा नाही कारण येवला आपल्याच जिल्ह्यात, लग्न ठरलं की घरचे गाडी करून येवल्याला जातात, पैठणी घेतात आणि आठ दिवसांत तिचा ब्लाउज पीस घेऊन नवरी आणि नवरीची आई ताईच्या दारात. पाठीवर मोर, बाहीवर नथ, कोणाला नवऱ्याचं नाव पाहिजे. ताई हे २०१२ पासून करतेय.

२०१९ हे तिचं कोविडआधीचं शेवटचं धड वर्ष. माल-दोरा वजा जाता वर्षाचे २,४०,००० रुपये सुटले, म्हणजे महिन्याला सरासरी २०,०००. पण त्या सरासरीला काही अर्थ नाही हो. मे महिन्यात ४२,००० आले होते आणि ऑगस्टमध्ये ६,०००. तुळशीचं लग्न झालं की काम सुरू होतं, आषाढी आली की थांबतं, मध्ये पौषात जरा मंदी, आणि चातुर्मासात तर रिंग अक्षरशः भिंतीला टांगलेली. नवरात्र-दिवाळीला थोडं काम येतं तेवढंच. दाजी अंबडच्या एका कंपनीत आहेत, त्यामुळे घर चालायचं, पण जुलै ते सप्टेंबर ताई दर वर्षी टेन्शनमध्ये असायची आणि मे महिन्यात झोपेविना. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच फिरलंय.

मग एप्रिल २०२१. २२ तारखेपासून लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम आला आणि चार दिवसांत ताईच्या सगळ्या ऑर्डरी एक तर पुढे गेल्या नाही तर रद्द झाल्या. अकरा ब्लाउज पीस घरात, त्यातले चार अर्धे झालेले. त्याच आठवड्यात, महापालिकेच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन गळती होऊन पेशंट गेले तो २१ एप्रिल नाशिककर कोणीच विसरलेला नाही, त्याच आठवड्यात तिच्या सासऱ्यांना ताप आला आणि ऑक्सिजन ९१ वर. बेड मिळेना. डॉक्टर फोनवर. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक रिटायर्ड सिस्टर राहतात, त्या मास्क-ग्लोव्हज घालून रोज संध्याकाळी यायच्या. पालथं कसं झोपवायचं, ऑक्सिमीटर लावताना बोट गार असेल तर आकडा चुकतो, नेलपॉलिश असेल तर चुकतो, कुठल्या आकड्याला वाट न बघता गाडी काढायची, हे सगळं त्यांनी ताईला शिकवलं. ताईने दर चार तासांनी ताप, नाडी, ऑक्सिजन लिहिलं. कशावर लिहिलं, तर ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानांवर. ती वही माझ्याकडे हिशोबाला येते ना, पुढच्या बाजूने "बाही ११ इंच, गोल्डन झरी, मोर दोन" आणि मागच्या बाजूने "रात्री २, ताप १००.४, ऑक्सिजन ९२". सासरे बरे झाले. त्या सिस्टर जाताना म्हणाल्या, अगं तुला तर हे येतं की.

तेवढं एक वाक्य पुरलं तिला. जूनमध्ये मला फोन, "मी जीएनएम करू का गं?" जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा.

मी नाही म्हणाले. स्पष्ट लिहिते, कारण तो सल्ला चुकीचा होता आणि तो कशामुळे चुकला हे पुढे कळेलच. मी म्हटलं ताई तुला ३३ वं चालू, तीन वर्षांचा कोर्स, फी वर्षाला ८५,०००, करायचंच असेल तर आधी धंदा बंद कर, दोन्ही एकदम होत नाही. माझ्या डोक्यात एका दिवसाचे चोवीस तास होते आणि त्यात कॉलेज, वॉर्ड, अभ्यास, स्वयंपाक, पोराची शाळा आणि ब्लाउज मावतच नव्हते. गणित बरोबरच होतं तसं, दिवसात ते खरंच मावत नाही.

ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नर्सिंगचे कोर्स तीन, एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के पाहिजेत, सायन्सला प्राधान्य असतं पण ताई आर्ट्सची होती तरी प्रायव्हेट कॉलेजात सीट मिळाली. वयाची अट १७ ते ३५, म्हणजे तिच्याकडे दोनच वर्षं होती. लग्न झालेलं चालतं, मूल असलेलं चालतं. पण हजेरी फार कडक, थिअरीला ८० टक्के आणि प्रॅक्टिकलची शंभर टक्के भरून दिल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. म्हणजे मे महिन्यात लग्नाच्या ऑर्डरी आहेत म्हणून वॉर्डची पोस्टिंग बुडवली तर ते तास नंतर भरावेच लागतात. हे शेवटचं वाक्य केक-मेंदीवाल्या सगळ्यांनी दोनदा वाचा, कारण सीझनला दांड्या मारू असं मनात धरूनच बऱ्याच जणी ॲडमिशन घेतात.

२०२१ च्या शेवटी कॉलेज सुरू झालं. धंदा तिने बंद केला नाही, मला न विचारता अर्धा केला. सिडकोतल्याच एक काकू आधीपासून तिच्याकडे मोती-टिकल्या लावायला यायच्या, त्यांना तिने आरी शिकवली, आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी दर पीसमागे पैसे या बोलीवर ठेवली. पहिलं वर्ष निभावलं कसंबसं. पहाटे पाचला उठायचं, एक तास सुई, मग डबे, मग कॉलेज, रात्री ॲनाटॉमी.

मोराचं प्रकरण

हे सगळ्यात सविस्तर लिहिते कारण इथूनच सगळं बदललं.

फेब्रुवारी २०२३, दुसरं वर्ष, नाईट पोस्टिंग चालू. रविवारी लग्न असलेल्या एका नवरीचा ब्रायडल ब्लाउज होता, जांभळी पैठणी, दोन्ही बाह्यांवर एकेक मोठा मोर, दोन्ही मोरांची तोंडं समोर गळ्याकडे. हे डिझाइन कापडावर उतरवताना बटर पेपरवर काढून त्याला बारीक भोकं पाडतात, पेपर कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पावडर वरून बोळ्याने फिरवली की ठिपके उमटतात. एक बाही झाली की दुसऱ्या बाहीसाठी तोच पेपर पालथा करायचा, की मोर आपोआप उलट्या दिशेला जातो. अकरा वर्षांत ताईने तो पेपर किती हजार वेळा पालथा केला असेल. मंगळवारी सकाळी नाईट करून साडेआठला घरी आली, चहा घेतला, झोपण्याआधी ट्रेसिंग तेवढं उरकून घेऊ म्हणून बसली, आणि पेपर पालथा केलाच नाही.

आणि कळलं कधी? गुरुवारी संध्याकाळी. कारण रिंगवर एका वेळी एकच बाही असते, दुसरी घडी घालून पिशवीत. पूर्ण मोर भरून झाला, पिसाऱ्यातले डोळे झाले, कटदाणा झाला, मग दोन्ही बाह्या पलंगावर शेजारी ठेवल्या तर एक मोर गळ्याकडे बघतोय आणि दुसरा पाठीकडे.

मी त्या रात्री तिथे होते. साखळी टाका उसवायला सोपा असतो, शेवटची गाठ सोडून दोरा ओढला की सर्रकन निघतो. पण मोती आणि जरदोसी साध्या सुईने एकेक लावलेली, ती एकेक काढायची. आणि सगळं काढलं तरी रेशमात भोकं राहतात, उजेडापुढे धरली की बाहीवर मोराच्या आकाराची चाळणी दिसत होती. वाफ दिली, नखाने हळूहळू धागे सरकवून घेतले, निम्मी भोकं बुजली, निम्मी नाही. मग ताईने मोर पुन्हा बरोबर दिशेने काढला आणि जिथे जुनी भोकं दिसत होती तिथे सगळीकडे बारीक बुट्ट्या टाकल्या, मग जोडीला पहिल्या बाहीवरही टाकाव्या लागल्या. ती आणि काकू, दोघींनी मिळून रात्रभर, अकरा तास. शनिवारी ब्लाउज शिवून गेला. नवरीला बुट्ट्या फार आवडल्या. ताईने तिच्या आईला खरं काय झालं ते सांगितलं आणि ७,५०० पैकी २,००० परत दिले. त्या घेत नव्हत्या, हिने टेबलावर ठेवले.

रात्री कधीतरी तीन वाजता ती सुई ठेवून रडायला लागली. मला वाटलं नुकसान झालं म्हणून. ती म्हणाली, "ब्लाउजचं नाही गं. इथे मोर उलटा गेला तर बुट्ट्या टाकून झाकता येतो. त्याच रात्री मी वॉर्डात सिस्टरांसोबत इंजेक्शनं देत होते, त्याच डोळ्यांनी, त्याच हातांनी. तिथे उलटं झालं तर काय टाकू?"

यावर मला काही बोलता आलं नाही. आजही ही गोष्ट मी हलक्यात घेत नाही. आपल्याकडे बाई दोन-दोन आघाड्या सांभाळते म्हणून तिचं कौतुक करायची फार सवय आहे, रात्रभर जागून सकाळी परत उभी राहिली की "कशी करतेस गं" म्हणतात. नर्सिंगमध्ये त्या कौतुकाचं बिल पेशंटला भरावं लागू शकतं. कोणी मला विचारलं की दोन्ही करू का, तर माझा पहिला प्रश्न आता पैशाचा नसतो, तू झोपणार कधी हा असतो.

त्यानंतर ताईने ठरवलं ते अजून मोडलेलं नाही. नाईट करून आल्यावर सहा तास झोप झाल्याशिवाय सुईला हात नाही. सकाळची ड्युटी असेल तर आदल्या रात्री दहाला रिंग बंद, टाका अर्धा असला तरी. आणि गिऱ्हाइकाला तारीख देताना मनातल्या तारखेआधी चार दिवस मोकळे धरायचे. अजून एक केलं ते मला फार आवडलं. वॉर्डात औषध देताना शिकवतात ना, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे प्रत्येक वेळी तपासल्याशिवाय द्यायचं नाही. तिने तसंच पुठ्ठ्याचं एक कार्ड करून स्टँडला बांधलं: कोणाचा पीस, कुठला रंग, उजवी की डावी, माप काय, तारीख काय. सुई लावण्याआधी मोठ्याने वाचायचं, काकूंनीही, त्या मुलीनेही. आणि एक ओव्हरचं रजिस्टर, हॉस्पिटलात ड्युटी बदलताना ओव्हर देतात तसं. जी उठेल तिने लिहून उठायचं की कुठपर्यंत आलंय, काय संपलंय, काय बघायचंय. दुसरी बाही सुरू करताना पहिली बाही शेजारी उघडी ठेवायची. एवढ्या वर्षांत घरगुती धंद्यांमध्ये मी अशी शिस्त दुसरीकडे पाहिलेली नाही आणि ती थेट वॉर्डातून आलेली आहे.

तासाचा हिशोब

२०२३ च्या उन्हाळ्यात मी तिला मोबाईलवर वेळ लावून प्रत्येक ब्लाउजचे तास लिहायला लावले, महिनाभर. निघालं ते असं. साधं काम ती १,८०० ला घ्यायची, ११ तास जायचे, माल २५० चा, म्हणजे तासाला १४१ रुपये. मधलं काम ३,५००, १४ तास, माल ४००, तासाला २२१. ब्रायडल ७,५००, ३४ तास, माल १,१००, तासाला १८८. तिला कायम वाटायचं की ब्रायडलवर कमाई आणि साध्यावर घर चालतं. कमाई होती मधल्या कामावर. साधी कामं काकूंकडे आणि मुलीकडे पीसच्या दराने गेली, ब्रायडल महिन्याला दोनच घ्यायचे असं ठरलं, तिसरी आली तर सरळ दुसरीचं नाव सांगायचं. पहिल्यांदा गिऱ्हाइकाला नाही म्हणताना तिचा आवाज कापत होता.

शिकायच्या तीन वर्षांत धंद्यातून वर्षाला साधारण १,३०,००० सुटले. फी ८५,०००. म्हणजे फी धंद्याने भरली आणि वर ४५,००० उरले, ज्यात येणं-जाणं, युनिफॉर्म, पुस्तकं. माझं ऐकून बंद केला असता तर ही फी कर्ज काढून भरावी लागली असती. इथे माझा सल्ला चुकला होता.

हात

याबद्दल कोणी बोलत नाही पण हातकाम करणाऱ्यांसाठी हा मोठा विषय आहे. वॉर्डात दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हात धुवायचे नाही तर सॅनिटायझर, वरून ग्लोव्हज. दोन महिन्यांत ताईच्या बोटांची टोकं अशी खरखरीत झाली की रेशमी दोरा बोटावर अडकायला लागला. पैठणीच्या पदरावरून नुसता हात फिरवला तरी बारीक धागा ओढला जायचा. तेल लावावं तर रेशमावर डाग. शेवटी जमलं ते असं, रात्री झोपताना व्हॅसलीन लावून सुती हातमोजे, सकाळी बेसनाने धुवायचे, आणि रिंगवर बसण्याआधी स्वतःच्या ओढणीच्या रेशमी तुकड्यावर बोटं फिरवून बघायची, अडकली तर त्या दिवशी फक्त ट्रेसिंग.

दुसरं म्हणजे टोचणं. आरीवाल्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना बारीक टोचे असतातच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण तीच बोटं घेऊन वॉर्डात जायचं म्हणजे पेशंटच्या रक्ताला वाट मोकळी. पहिल्या वर्षात हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले, पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. तरी ड्युटीवर जाण्याआधी प्रत्येक टोचा बघून वॉटरप्रूफ पट्टी लावते. आणि ड्युटीच्या आदल्या दिवशी जाड जरदोसीचं काम घेतच नाही कारण त्यात जास्त टोचतं. पोटात तुटतं हो तिची ती पट्ट्या लावलेली बोटं बघून, पण या सगळ्याचा फायदाही झाला, लहान मुलांची शीर शोधून इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची बारीक नळी, लावायची वेळ आली की वॉर्डातल्या मावशी आता हिलाच हाक मारतात. बारीक सुई, न दिसणारी जागा, आणि हात न हलवता श्वास धरून बसणं हे तिने अकरा वर्षं केलेलंच होतं.

नोकरी

२०२४ च्या शेवटी पास झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन केलं. पहिल्या ठिकाणी १२,००० देत होते, वर दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले. ताई उठून आली. ओरिजिनल कागद कोणालाही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलातही नर्सला २०,००० च्या खाली पगार नको अशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात नव्या मुलींना अजून त्याच्या खालीच विचारतात, आणि कागद अडकले की त्यांना सोडताही येत नाही, याची मला खरंच चीड आहे. ताई नाही म्हणू शकली कारण घरी रिंग चालू होती, तिला त्या महिन्यात नोकरी नसती तरी चाललं असतं. दुसऱ्या जोडधंद्याचा हा उपयोग मी आधी कधी मोजलाच नव्हता.

आताच्या ठिकाणी हातात १७,५०० येतात, पीएफ आहे, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे, घरच्यांची औषधं सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलातून होतात. महिन्याचे २६ दिवस, आठ तास धरले तर तासाला ८४ रुपये पडतात. मधल्या ब्लाउजच्या निम्म्यापेक्षाही कमी. हा आकडा मी तिला दाखवला तेव्हा ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "पण हे ८४ ऑगस्टमध्ये पण येतात." आणि जरा थांबून, "आणि पंचेचाळिशीनंतर सुईत दोरा दिसणार नाही मला, पेशंट दिसेल."

आणि ऑगस्टवरूनच रोस्टरचा तोडगा निघाला. झालं काय, पावसाळा सुरू झाला की हॉस्पिटल भरतं, डेंग्यू, चिकनगुनिया, गॅस्ट्रो, गणपती ते दिवाळी बेड रिकामा नसतो. आणि नेमकं तेव्हाच ताईच्या रिंगवर काही नसतं. गणपतीत नि नवरात्रात नाईट कोणालाच नको असतात. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना रजा पाहिजे असते, घरची लग्नं, पोरांच्या सुट्ट्या, गाव. ताई इनचार्ज सिस्टरकडे कागद घेऊन गेली, काहीही न लपवता सांगितलं की मॅडम माझा घरी ब्लाउजचा धंदा आहे, मला एप्रिल-मेमध्ये एकही रजा नको, फक्त सकाळची आठ ते दोन द्या, बदल्यात जुलै ते ऑक्टोबर नाईट मी जास्त करते, गणपतीच्या पण. इनचार्ज सिस्टरला हे सोन्यासारखं वाटलं. बाकीच्या मुलीही खूश, कारण मे महिन्यात एक जण हमखास हजर. वर्षभर सारखीच शिफ्ट मागितली असती तर कधीच मिळाली नसती, वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवलं म्हणून मिळाली.

मला इथे कळलं की मी काय चुकले होते. मी दिवस मोजत होते. तिची दोन्ही कामं वर्षात वेगवेगळ्या जागी फुगतात आणि वेगवेगळ्या जागी ओसरतात, हे माझ्याच हिशोबात २०१९ पासून लिहिलेलं होतं, ४२,००० आणि ६,०००. केकवालीला मी म्हणूनच आधी बारा महिन्यांचा तक्ता काढायला लावला. तिचा डिसेंबर आणि फेब्रुवारी भरलेला निघाला, तिला वेगळं बसवावं लागेल. कंदीलवालीचं तर ताईपेक्षा अवघड आहे, तिचा सगळा धंदा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नेमका डेंग्यूच्या वॉर्डच्या वेळी, तिला मी अजून हो म्हटलेलं नाही.

२०२५ चा ताईचा हिशोब: हॉस्पिटल २,१०,०००, ब्लाउज १,७५,०००, एकूण ३,८५,०००. टॅक्स लागत नाही, तरी दोन्ही उत्पन्नं दाखवून रिटर्न भरतो, पुढे कर्ज लागलं तर उपयोगी.

आता पुढचं वर्ष. हे लिहितेय तेव्हा मार्च २०२६ चालू आहे आणि घडी परत विस्कटणार असं दिसतंय. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत आणि सगळी लग्नं एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबली गेलीत. ३१ ऑक्टोबरला सिंहस्थाचं ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं. सिंहस्थात लग्न नको म्हणणारी घरं नाशिकमध्ये अजून आहेत, त्यामुळे पुढच्या सीझनच्या ऑर्डरी किती कमी होतील याचा अंदाज येत नाही, आणि पुढच्या वर्षी स्नानाच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये कोणालाच रजा मिळणार नाही हे आत्ताच कानावर आलंय.

त्यात सरकारी भरतीचा विषय. ताई ऑक्टोबरमध्ये ३८ पूर्ण करते, खुल्या वर्गाला वयाची मर्यादा ३८. आताच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त मिळेल, पण सरकारी नोकरीत महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू होतात, आधी परवानगी घेतल्याशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. दाजी म्हणतात फॉर्म भर, लागली तर बघू. सासूबाई म्हणतात धंद्याने तुला शिकवलं, तो सोडू नकोस. मी या वेळी सल्ला दिलेला नाही, फक्त दोन्ही बाजूंचे दहा वर्षांचे आकडे काढून दिले. तिने फॉर्म भरलाय. आणि काकूंना बसवून विचारलंय की नंबर लागला तर हा सगळा धंदा तुमच्या नावाने तुम्ही चालवाल का, गिऱ्हाइकं, स्टँड, रजिस्टर सगळं. काकूंनी दोन दिवस मागितले होते, काल येऊन सांगितलं की चालवेन, पण ट्रेसिंग अजून एक सीझन तुझ्यासमोर करेन मग एकटीने.

१२ मेपर्यंत दोन ब्रायडल आणि नऊ मधली कामं द्यायची आहेत. १८ मेपासून तिने नाईट मागून घेतल्यात, अधिक महिना आहे, रिंगवर काही नसणार.